आक्काच्या हंड्याची खपली

वडगाव, बेळगाव
ता. १७ जानेवारी १९३७

आक्का,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा आहेत. दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्यांचे चार पेले. रॉकेलात भिजवलेला दोरा बाटलीला गुंडाळायचा, पेटवायचा आणि विझता विझता बाटली गार पाण्यात बुडवायची, म्हणजे ती बरोबर दोऱ्यावर तुटते. कडा सहाणेवर घासल्यात, पोराच्या बोटाला कापणार नाहीत. शाईच्या दौतीचा स्पिरिटचा दिवा, त्याची वात माझ्या जुन्या धोतराच्या काठाची. पेले टांगायला बाभळीच्या लाकडाचा घोडा, खुंट्याही लाकडाच्याच, खिळा एकही नाही. खाली भोक पाडलेली घागर, तिच्यात खडी, वाळू आणि कोळसा असे थर भरून केलेली गाळणी. आणि पाणी फोडायची पेटी. चोरबत्तीच्या मेलेल्या सेलांतून काढलेल्या दोन काळ्या कांड्या सोड्याच्या पाण्यात उभ्या करून तारेनं नव्या सेलांना जोडल्या की दोन्हींवर बुडबुडे धरतात. एकीवर जितका वायू जमतो त्याच्या दुप्पट दुसरीवर. म्हणजे पाणी ही एक वस्तू नव्हे, दोन वायूंचा संसार आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आता डोळ्यांनी बघतो.

यात विकत आणलेले म्हणशील तर नवे सेल, साबण आणि लिंबं.

सात वर्षांनी पत्र लिहितोय आणि कुशल विचारायच्या आधी सामानाची जंत्री देतोय म्हणून बेबीला हसू येईल. बेबी, हसून झालं की पुढं वाच. तुझ्या आईला अक्षर लागत नाही, तेव्हा मामाचं हे पत्र तिला तुझ्याच तोंडून ऐकू जाणार. जोडाक्षरं गिळू नकोस. दाजी घरात असले तरी हळू वाचायचं कारण नाही.

बातमी अशी की स्कूल बोर्डानं मला एक वर्षाच्या ट्रेनिंगला बेळगावला पाठवलंय. वय एक्केचाळीस. वर्गातले बाकीचे विशी-बाविशीतले, मला अण्णा म्हणतात आणि माझी पेटी बघायला खोलीवर येतात. इथं शिकवायचं कसं ते शिकवतात. आधी पाठाचं टाचण लिहायचं, मग सरावाच्या शाळेत जाऊन मुलांना तो पाठ द्यायचा, आणि आमचे मास्तर मागच्या बाकावर बसून शेरा लिहितात. माझा मोठा पाठ येत्या शुक्रवारी आहे. विषय मीच मागून घेतला: पाणी. पहिल्या भागात पाणी फोडणे, दुसऱ्यात जड पाणी आणि हलकं पाणी.

दाखला मिळाला तर मी शिकवतो ती जत्राटची शाळा कायमची माझी. नाही मिळाला तर बोर्ड तिथं ट्रेनिंग झालेला मास्तर बसवणार, आणि मग माझं काय होणार ते दाजींनी कधीच सांगून ठेवलंय: हा पुस्तकं चाळून चाळून शेवटी माझ्या तंबाखूच्या वखारीतच येणार. दाजींना कळव की तसं काही दिसत नाही.

विहिरीचा विषय मी या पत्रात काढत नाही.

तुझा
जोती


वडगाव
ता. ३१ जानेवारी १९३७

आक्का,

माझ्या जेवणाची काळजी नको. मी मालुबाई म्हणून एका विणकरणीच्या घरी राहतो. पुढच्या खोलीत दोन माग, मागं स्वयंपाक, माळ्यावर मी. सकाळी माग सुरू झाला की माझ्या शाईच्या दौतीत लाटा उठतात. बाई सुगरण. तिची तूरडाळ दोन कढांत लोण्यासारखी होते, रवीसुद्धा लावावी लागत नाही. पहिल्याच दिवशी मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "लई दिसांनी कुणीतरी माझ्या डाळीला चांगलं म्हटलं बगा, गुरुजी." त्यानंतर मी रोज म्हणत आलो. जूनपासून.

आता ऐक. डाळ लोण्यासारखी होते ती मालुबाईच्या हातानं नव्हे. पाण्यानं. हे मला, म्हणजे जगात ज्याला हे सगळ्यांत आधी कळायला हवं होतं त्या माणसाला, सात महिने दोन वेळा जेवूनही कळलं नाही.

शुक्रवारचा पाठ असा झाला. पाणी फोडलं ते जमलं. दुप्पट वायूच्या नळीला काडी लावली, बारीकसा फट आवाज झाला, मुलं बाकावरून उठली. मग मी तीन पेले मांडले. एकात वडगावातल्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात शाळेच्या आडाचं, तिसऱ्यात उकळून वाफ धरून गोळा केलेलं शुद्ध. तिन्हींत साबणाचं पाणी थेंब थेंब सोडायचं आणि हलवायचं. विहिरीच्या पाण्यात फेस येणार नाही, शुद्ध पाण्यात येईल, आणि त्यावरून मुलांच्या तोंडूनच काढून घ्यायचं की विहिरीच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. सबंध टाचण त्या एका फरकावर उभं. जत्राटला हा प्रयोग मी किती वेळा केला असेल. आमच्या काळ्या रानातल्या विहिरी, त्यांत साबण मुळी फेसतच नाही.

इथं तिन्ही पेल्यांत फेस आला. सारखाच. मी आणखी थेंब सोडले तर तो काठावरून उतून टेबलावर आला.

गुंडू नावाचा विणकराचा पोरगा पहिल्या बाकावर असतो. तो म्हणाला, "गुरुजी, तिन्हींत फेसच फेस. जड कंचं म्हनायचं?" वर्ग हसला. मीही त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो. अशा वेळी काय बोलायचं ते टाचणात नव्हतंच.

बेळगावची जमीन जांभ्या दगडाची. त्या दगडात चुना नाही, म्हणून पाण्यात नाही. हे मला घंटा झाल्यावर, व्हरांड्यात उभा असताना सुचलं.

आमचे याळगी मास्तर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी वर्गासमोर काही म्हटलं नाही. नंतर म्हणाले, "जोतिबा, हात तुमचा उत्तम आहे. पण तुम्ही जत्राटचा पाठ बेळगावात दिलात." हे मी लिहून घेतलं नाही, लक्षात राहिलं. एकोणीस फेब्रुवारीला तोच पाठ, त्याच वर्गावर, पुन्हा द्यायची त्यांनी मुभा दिली. तो जमला नाही तर दाखला नाही. वर त्यांनी उपायही सुचवला: पानाचा चुना पाण्यात कालवा, झालं जड पाणी. मी नको म्हणालो. चुना मीच घालायचा आणि मीच तो शोधून दाखवायचा हा गारुड्याचा खेळ झाला. त्या पोरांना खरी विहीर दाखवायची आहे.

आणि खरी विहीर म्हणजे कोणती, ते तुला ठाऊक आहे.

आता विषय निघालाच आहे तर बेबीला सांगतो, कारण ती तेव्हा पाटी-पेन्सिलीची होती आणि घरात तिला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं असणार. दाजींनी खडक फोडून नवी विहीर पाडली. निपाणीत भर उन्हाळ्यात तेवढं पाणी कुणाच्या विहिरीला नाही हे खरं. पाणी पुजलं, तुझ्या आईनं ओटी भरली आणि त्याच पाण्यावर गावजेवण घातलं. डाळ शिजली नाही. पहाटेपासून चुलीवर असूनही दातांखाली खडे लागावेत तशी लागत होती. पंगतीत बायका कुजबुजायला लागल्या, की राजाबाईला, म्हणजे तुझ्या आईला, एवढ्या वर्षांत डाळ शिजवता येईना. नागुबाई तर म्हणाली, "सरपण राखून ठेवलंया वाटतं." तुझी आई वाढत होती, तिच्या कानावर सगळं जात होतं. तेव्हा मी पंगतीतनं उठून मोठ्यानं सांगितलं, की डाळीत दोष नाही, हातात नाही, दोष या विहिरीच्या पाण्यात आहे. दाजी म्हणाले, "माझ्या हिरीला नाव ठेवणाऱ्यानं माझ्या ओट्यावर पुन्यांदा चढू नये." मी चढलो नाही.

मी सांगितलं ते खरं होतं. आजही खरं आहे. म्हणून तर आज त्या पाण्यावाचून माझं अडलंय.

आक्का, एक डबाभर पाणी पाठव. निपाणीहून रोज सकाळी सर्व्हिस मोटार सुटते, डायव्हर भावकू ओळखीचा आहे. दाजींना विचारून पाठव. लपवून नको.

जोती


वडगाव
ता. ९ फेब्रुवारी १९३७

बेबीस,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर सुधारलंय, 'विहीर' बरोबर लिहिलंस. दाजींचे शब्द तू जसेच्या तसे उतरवलेस ते चांगलं केलंस: "सात वर्सं हिरीला नावं ठिवली, आणि आता परीक्षेला तिचंच पानी लागतंय व्हय?" त्यांना माझं उत्तर असंच्या असं वाच.

दाजी, मी नाव ठेवलं नव्हतं. गुण सांगितला होता. मिरचीला तिखट म्हटल्यानं मिरचीचा अपमान होत नाही. तुमच्या विहिरीइतकं नेमकं जड पाणी मला बेळगावच्या पंचक्रोशीत मिळणार नाही, जत्राटहून मोटार सुटत नाही, आणि दुसरीकडच्या पाण्याची मला खात्री नाही. तुमच्या विहिरीची मला खात्री आहे. याहून जास्त मी लिहिणार नाही, कारण हे अडलं म्हणून लिहिलं असं तुम्ही म्हणाल.

बेबी, दाजी हो म्हणाले तर डब्याविषयी असं: रॉकेलचा नको, तुपाचा घ्या. राखेनं घासा, साबण अजिबात लावू नका. साबणाचा अंश राहिला तर पुन्हा सगळं मुसळ केरात. पाणी सकाळचं, मधल्या थराचं, पोहरा दोनदा विसळून काढलेलं. तोंड मेणानं बंद. आक्काला विचारून मला कळव की तिची कंबर कशी आहे. तिच्याविषयी तू काहीच लिहिलं नाहीस.

ते नाही म्हणाले तर तसंही कळव.

मामा


वडगाव
ता. २१ फेब्रुवारी १९३७

आक्का,

दाजी काल तिन्हीसांजेला घरी पोचले असतील आणि त्यांनी तुला सगळं सांगितलं असेल. म्हणजे, मोटारीला सांबर आडवं गेलं, मोटार दोनदा बंद पडली आणि बेळगावला चहा महाग आहे, हे सांगितलं असेल. बाकीचं मी सांगतो.

गुरुवारी दुपारी मी मोटारीच्या अड्ड्यावर भावकूची वाट बघत होतो. मोटार थांबली आणि डबा छातीशी धरून दाजी उतरले. तंबाखू वखारीत यायच्या ऐन हंगामात, कारभार सोडून. मी पाया पडलो. ते म्हणाले, "डायव्हरच्या पायाशी डबा ठिवला तर निम्मं पानी सांडंल. म्हनून आलतो." मग कोटाच्या खिशातनं फडक्याची पुरचुंडी काढून दिली. "तुझ्या आक्कानं दिलंया. काय हाय मला ठावं न्हाय. मी इचारलं न्हाय."

पुरचुंडी मी अड्ड्यावरच सोडली. आक्का, मी तुझ्याकडं पाणी मागितलं होतं. ही खपली मागायचं मला सुचलं नव्हतं. न्हाणीतल्या हंड्याच्या बुडाची, बोटाएवढी जाड, वरून मळकट आणि मोडली तिथं खडूसारखी पांढरी. तू ती पळीनं खरवडली असशील. विहीर झाल्यापासून रोज तापलेल्या पाण्यानं मागं ठेवलेला चुना, थरावर थर. तू ती टाकून दिली नाहीस आणि काय पाठवायचं ते तुला कुणी सांगावं लागलं नाही. तुला अक्षर लागत नाही हे पहिल्या पत्रात मी लिहिलं ते बेबीला उद्देशून होतं एवढंच समज.

शुक्रवारी दाजी वर्गात आले. याळगी मास्तरांच्या शेजारी मागच्या बाकावर बसले, पागोटं मांडीवर, काठी दोन गुडघ्यांत. बाक लहान मुलांचं, त्यामुळं गुडघे हनुवटीला. गुंडूनं विचारलं, हे नवीन साहेब काय, तर मी सांगितलं, हे पाण्याचे मालक.

पहिल्या पेल्यात वडगावचं पाणी. साबणाचे थेंब सोडले, हलवलं, फेस. हे त्यांना माहीतच होतं, ते माझ्याकडे मागच्या खेपेचं हसू राखून बघत होते. दुसऱ्या पेल्यात दाजींचं पाणी. थेंब सोडले. हलवलं. फेस नाही. आणखी सोडले. पाणी पांढुरकं झालं, वर चोथ्यासारखा थर धरला, फेस नाहीच. गुंडू उठून उभा राहिला. "गुरुजी, ह्येचं तर ताक झालं." मी म्हणालो, आता सांग जड कंचं. सगळा वर्ग एका तोंडानं ओरडला.

तेव्हा एका मुलानं विचारलं, मग हे पाणी नासकं आहे का? मागच्या बाकावर काठी हलली. टाचणात या प्रश्नाचंही उत्तर नव्हतं. पण या खेपेला मला टाचण लागलं नाही. मी दोन तांबे घेतले, एकात इथलं पाणी, एकात तिथलं, कोणतं कशात ते सांगितलं नाही, आणि बाकांमधून फिरून प्रत्येकाच्या ओंजळीत दोन्हींतलं घोटभर घातलं. सगळ्या जातींच्या पोरांना त्याच दोन तांब्यांतनं. दोन-तीन पोरांनी आधी एकमेकांकडं बघितलं, मग प्यायली. कोणतं गोड लागतं, हात वर करा. बहुतेक सगळे हात दाजींच्या विहिरीला. याळगी मास्तरांनीही ओंजळ धरली आणि त्यांचा हातही तिकडंच वर गेला. मी म्हणालो, इथलं पाणी धुण्याला आणि शिजवायला चांगलं, हे प्यायला. त्याला चव आहे ती त्यातल्या चुन्याचीच. जड म्हणजे वाईट नव्हे.

मी मागं बघितलं नाही. बघायला हवं होतं असं आता वाटतं.

मग तुझी खपली काढली. ही काय आहे? कुणी म्हणालं खडू, कुणी हाड. मी सांगितलं, ही माझ्या बहिणीच्या घरातली विहीर आहे, पाणी वजा करून. तुकडा बाटलीत घातला, वर लिंबू पिळलं. आक्का, ती अशी फसफसली की पहिल्या बाकावरची पोरं मागं सरली. तो वायू नळीतनं चुन्याच्या निवळीत सोडला आणि निवळी सगळ्यांसमोर दुधासारखी झाली. दगडातला चुना पाण्यात उतरतो, पाण्यातला हंड्याला धरतो, आणि लिंबानं त्याचं बिंग फुटतं. एवढं वाक्य बोलून मी थांबलो.

शेवटी दाजींच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला, चुना खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी घेतलं, साबण सोडला, आणि फेस आला. घंटेला थोडा अवकाश होता. मी विचारलं, काही शंका?

मागच्या बाकावरून दाजी उभे राहिले. वर्गात पोरं हात वर करून शंका विचारतात, म्हणून त्यांनीही हात वर केला होता.

"मास्तर, त्या पान्यात डाळ शिजंल का न्हाय?"

त्यांनी मला मास्तर म्हटलं, आक्का. जोत्या नव्हे.

मी म्हणालो, "नुसत्या पाण्यात न्हाय शिजायची, दाजी. खायच्या सोड्याची चिमूट टाकली तर शिजेल. आणि शिजली न्हाय तर शिजवणारीची चूक न्हाय."

ते म्हणाले, "मग त्या दिशी पंगतीत सोड्यासकट सांगायचं हुतंस."

पोरं हसली. याळगी मास्तर हसले. मलाही हसू आलं. खरं उत्तर तुला लिहितो: ज्या पुस्तकातनं मी रसायन शिकलो ते बाजारात रद्दीत घेतलेलं, आणि पाणी हलकं कसं करायचं ती पानं त्यात नव्हती. ती मी इथं येऊन वाचली.

याळगी मास्तरांचा शेरा असा: "पाठ उत्तम. हा पाठ पुढील वर्षी सर्व विद्यार्थ्यांस नमुना म्हणून दाखवावा." खाली सही. नमुना पाठ, आक्का. मार्चअखेरीला दाखला मिळेल. त्यांनी तसं तोंडी सांगितलं, आणि ते उगाच सांगणाऱ्यांतले नव्हेत. जत्राटची शाळा माझी. माझा घोडा, माझी पेटी आणि माझे चार पेले नमुन्याच्या कपाटात राहणार आहेत. गावी जाऊन मी नवे करीन, आणखी चांगले.

दाजी शनिवारी निघाले. मालुबाईच्या हातची डाळ दोन वाट्या खाल्ली. निघताना रिकामा डबा घेऊन परसात गेले आणि वडगावच्या विहिरीतनं स्वतः पोहरा ओढून तो काठोकाठ भरला. मी बघतोय हे दिसल्यावर म्हणाले, "रिकामा डबा कशाला न्यायचा?" ते पाणी तुझ्या स्वयंपाकघरात पोचलं असेल. ती डाळ कशी झाली ते बेबीकडून लिहून धाड. मला नेमकं हवंय, किती कढ लागले ते.

मोटार सुटायच्या आधी अड्ड्यावर त्यांनी एक गोष्ट काढली. ती त्यांनी तुला सांगितलेली नाही आणि सांगणार नाहीत, कारण मी नाही म्हटलं. वखारीचा सगळा कारभार माझ्या हाती, दुसऱ्या दिवसापासून, ओट्यावरूनच ये-जा. मे महिन्याच्या सुट्टीत ओट्यावर मी येतोच म्हणालो, पण कारभाराला नाही. त्यांनी देऊ केलं ते असं: दरमहा पन्नास रुपये आणि तुझ्या हातचं दोन वेळचं जेवण. पैकी जेवण मी घेईन.

तुझा
जोती